चालण्याची नव्हे, बसण्याची सफर

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही केनियाला जाऊन आलो. परतल्यावर स्नेह्यांनी विचारले, "सिंह दिसला का?" दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींचा प्रश्न मात्र निराळा होता. "डॉक्टर, तुमच्या सासूबाई तिकडे एवढ्या चालल्या तरी कशा?" सासूबाईंचे वय ७४. एका गुडघ्याचे सांधारोपण झालेले, मधुमेह वीस वर्षांचा, रक्तदाबाच्या दोन गोळ्या रोज. तेव्हा विचारणाऱ्यांचे कुतूहल रास्तच होते. त्यांना मी दिलेले उत्तर असे : त्या चालल्याच नाहीत. तिथे कुणीच चालत नाही.

वाचकहो, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. आफ्रिकेतील बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत आणि अभयारण्यांत ठरावीक जागा सोडल्या तर गाडीतून खाली उतरण्यास मनाई असते. प्राणी गाडीला एक मोठा, निरुपद्रवी प्राणी समजतात. त्या गाडीतून माणूस वेगळा झाला की सारे चित्र बदलते. त्यामुळे केदारनाथची चढण किंवा युरोपातील दगडी रस्त्यांवरची पायपीट ज्यांना झेपत नाही, त्यांनाही ही सफर झेपू शकते. मात्र ती फुकट झेपत नाही. दिवसाचे सहा ते आठ तास खडबडीत रस्त्यावर, धुळीत, उंच गाडीत बसावे लागते. ही परीक्षा पायांची नसून पाठीची, मूत्राशयाची आणि धीराची आहे. यांपैकी धीर वयाबरोबर वाढतो. उरलेल्या दोन गोष्टींची मात्र निगा राखावी लागते. ती कशी राखावी आणि राखल्यावर पदरात काय पडते, ते आपणांस सांगावे म्हणून हा लेख.

कळसूबाईहून उंच

'सफारी' हा स्वाहिली भाषेतील शब्द. त्याचे मूळ अरबी 'सफर', म्हणजे प्रवास. तोच शब्द आपल्याकडेही नांदतो. नैरोबीत पाऊल ठेवल्यापासून सासूबाईंना अशा ओळखीच्या शब्दांचा छंदच लागला. औषध म्हणजे 'दावा', दुकान म्हणजे 'दुका', विमा म्हणजे 'बिमा', चहा म्हणजे 'चाय' आणि पोळीला तर 'चपाती'च. "परदेश कसला हा," त्या म्हणाल्या, "हे तर आपलेच दूरचे नातेवाईक."

मुंबईहून नैरोबीचा थेट विमानप्रवास सुमारे सहा तासांचा आहे आणि घड्याळ अडीच तास मागे घ्यावे लागते. हा फरक लहान असल्याने झोपेचे आणि औषधांचे वेळापत्रक फारसे कोलमडत नाही. सकाळची गोळी तिथल्या सकाळी आणि रात्रीची तिथल्या रात्री, एवढे बहुतेकांना पुरते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र प्रवासाच्या दिवसाचे डोस आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. विमानात दर तासाला पावले घोट्यातून वरखाली करावीत आणि शक्य तितक्या वेळा उठून दोन पावले टाकावीत, म्हणजे पोटऱ्यांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. हाच व्यायाम पुढे गाडीतही उपयोगी पडतो.

आफ्रिका म्हणजे भाजून काढणारे ऊन, ही समजूत घेऊन येणाऱ्यांची नैरोबीत फजिती होते. विषुववृत्त जवळ असले तरी हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. म्हणजे या शहरात आपण महाराष्ट्रातील सर्वांत उंच माथ्याच्याही वर उभे असतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे थंडी असते. पहाटे उघड्या छताच्या गाडीत वारा कानात शिरतो, तेव्हा कानटोपी, शाल आणि बंद गळ्याचा स्वेटर हवाच. आम्ही गेलो नाही, पण पुष्कळ मंडळी शेजारच्या टांझानियातील गोरोंगोरो विवरही पाहतात. त्याचा काठ सुमारे २,३०० मीटर उंच आहे आणि मुक्काम बहुधा त्या काठावरच असतो. निरोगी ज्येष्ठांना या उंचीचा विशेष त्रास होत नाही. मात्र दमा, फुफ्फुसांचा जुना विकार, हृदयाची दुर्बलता किंवा तीव्र पंडुरोग असणाऱ्यांना धाप लागू शकते. अशांनी मार्ग ठरवतानाच प्रत्येक मुक्कामाची उंची विचारावी आणि तो कागद डॉक्टरांना दाखवावा.

अंबोसेलीतील वडीलधारी

नैरोबीच्या दक्षिणेला, टांझानियाच्या सीमेलगत अंबोसेली हे राष्ट्रीय उद्यान आहे. पलीकडच्या देशात उभा असलेला ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो पर्वत तिथून समोर दिसतो. दिवसा तो ढगांत गुरफटलेला असतो. भल्या पहाटे किंवा सूर्य कलताना ढग बाजूला सरतात आणि बर्फाचा माथा उघडा पडतो. पर्वताकडचे पाणी जमिनीखालून वाहत येऊन अंबोसेलीच्या सपाटीवर दलदलींच्या रूपाने वर येते. चहूकडे धुळीचे माळ आणि मधोमध हिरवीगार पाणथळ, असे ते दृश्य आहे. त्या पाणथळीत पोटापर्यंत बुडालेले हत्ती चरत असतात आणि त्यांच्या पाठीवर बगळे बसलेले असतात.

आमच्या गाडीपासून वीस-पंचवीस पावलांवरून एक कळप रस्ता ओलांडून गेला. इंजिन बंद होते. एवढे प्रचंड देह, पण पावलांचा आवाज जवळजवळ नाही. ऐकू येत होते ते फक्त गवत उपटल्याचे आणि श्वासाचे आवाज. सर्वांत पुढे एक वयस्क हत्तीण होती. तिच्या कानांच्या कडा फाटलेल्या, कपाळाची खोबण खोल गेलेली. ती थांबली की सारे थांबत. तिने सोंड उचलून आमचा वास घेतला, आमच्याकडे पाहिले आणि मग ती चालू लागली. तेव्हाच तिच्या मागची पिल्ले हलली.

हत्तींच्या कळपात सत्ता सर्वांत वडील मादीकडे असते. अंबोसेलीतील हत्तींचा अभ्यास सिंथिया मॉस यांनी १९७२ मध्ये सुरू केला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हत्तींची ओळख पटवून केलेला हा अभ्यास जगातील अशा दीर्घ अभ्यासांपैकी एक आहे. तिथेच कॅरन मॅकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तींना ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून काही प्रयोग केले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वयस्क प्रमुखीण ओळखीच्या आणि परक्या हत्तींच्या हाका अधिक अचूकपणे वेगळ्या करू शकते. २०११ साली त्यांनी सिंहांच्या गर्जनांविषयीचे निष्कर्ष मांडले. नर सिंह हत्तीच्या पिल्लाला अधिक धोकादायक असतो. नराची गर्जना आणि मादीची गर्जना यांतील फरक ओळखून कळपाला वेळीच सावध करण्यात सर्वांत वडील प्रमुखिणी सरस ठरल्या.

टांझानियातील तारांगिरे उद्यानातील एक नोंद तर मला रुग्णांना वारंवार सांगावीशी वाटते. १९९३ मध्ये तिथे तीव्र दुष्काळ पडला. एरवी दोन टक्के असणारे पिल्लांच्या मृत्यूचे प्रमाण नऊ महिन्यांत वीस टक्क्यांवर गेले. जे कळप उद्यान सोडून पाण्याच्या शोधात दूर गेले, त्यांची पिल्ले अधिक जगली. संशोधकांचा तर्क असा की, १९५८ ते १९६१ या काळातील दुष्काळ ज्यांनी पाहिला होता, त्या वृद्ध हत्तिणींना तेव्हाची वाट आठवत असावी. जो कळप जागेवरच राहिला, त्यातील अशा म्हाताऱ्या हत्तिणी शिकाऱ्यांनी हस्तिदंतासाठी पूर्वीच मारल्या होत्या.

आमच्या चालकाने आणखी एक गोष्ट सांगितली. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. एक झिजला की मागून दुसरा पुढे सरकतो. शेवटचा संच साधारण साठीच्या आसपास झिजतो आणि मग कठीण फांद्या चावता येत नाहीत. म्हणून म्हातारे हत्ती दलदलीतील मऊ गवताशी येऊन राहतात. हे मी मराठीत समजावून सांगितल्यावर सासूबाईंनी आपली कवळी जिभेने सावरली आणि म्हणाल्या, "तिला कवळी करून देणारे कुणी नाही, एवढाच काय तो फरक." त्यानंतर कितीतरी वेळ त्या बोलल्या नाहीत. दुर्बीण मात्र त्यांनी खाली ठेवली नाही.

दुर्बिणीविषयी एक सूचना करते. हात थरथरत असेल तर दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण घेऊ नये. चित्र हलत राहते आणि डोके दुखते. आठपट दाखवणारी, वजनाला हलकी दुर्बीण पुरते. गळ्यात अडकवण्याऐवजी ती मांडीवरच्या उशीवर ठेवावी, म्हणजे मानेवर भार येत नाही.

वाट पाहण्याची विद्या

अंबोसेलीनंतर आम्ही मसाई माराला गेलो. नैरोबीहून तिथे रस्त्याने पाच-सहा तास लागतात. शहरातील विल्सन विमानतळावरून लहान विमान गेले, तर तासाभराचा प्रवास असतो. मणक्याचे दुखणे किंवा ठिसूळ हाडे असतील, तर इतर ठिकाणी काटकसर करावी, पण हा टप्पा विमानानेच करावा. लहान विमानात साधारण १५ किलोच वजन आणि तेही मऊ पिशवीत चालते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

मारा अभयारण्य सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचे असून दक्षिणेकडे ते टांझानियाच्या विस्तीर्ण सेरेंगेटीला जोडलेले आहे. या सलग गवताळ प्रदेशात दहा लाखांहून अधिक वाइल्डबीस्ट आणि त्यांच्या सोबतीने लाखो झेब्रे व हरणे पावसामागून फिरत असतात. जुलै ते ऑक्टोबर या काळात त्यांतील मोठे कळप मारा नदी ओलांडतात. नदीत मगरी आणि पाणघोडे असतात. ते दृश्य पाहण्यासाठी जगभरातून लोक येतात आणि काठावर गाड्या लावून वाट पाहत बसतात.

आम्ही पहिल्या दिवशी पावणेतीन तास बसलो. समोरच्या काठावर हजारो प्राणी जमले. पुढचे पाण्याजवळ येत, थबकत, मागे फिरत. आमच्या शेजारच्या गाडीतील तरुण मंडळी अस्वस्थ झाली. कुणी मोबाइल काढला, कुणी चालकाशी हुज्जत घातली. शेवटी सारा कळप वळून माळावर परत गेला. मुलाने सुस्कारा टाकला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सातारच्या स्टँडवर मी याहून जास्त वाट पाहिली आहे. आणि तिथे झेब्रे नव्हते."

दुसऱ्या दिवशी एका झेब्र्याने उडी घेतली आणि क्षणार्धात त्याच्यामागे जणू बांध फुटला. धूळ, हंबरणे, पाण्यावर नुसत्या माना. वीस मिनिटांत सारे संपले. एक वासरू प्रवाहाबरोबर वाहून गेले आणि त्याची आई पलीकडच्या काठावर फिरत राहिली. गाडीत कुणीही बोलत नव्हते. असे दृश्य पाहताना काहींचे मन हेलावते. अलीकडे घरात कुणी गेले असेल तर विशेषच. सोबतच्या माणसाने अशा वेळी समजूत घालण्याची घाई करू नये, नुसते जवळ बसावे.

प्राणी दाखवण्याचे वेळापत्रक प्राण्यांच्या हाती असते. सिंह दिवसाचे वीस-वीस तास पडून राहतो. झुडपाच्या सावलीत तो जांभई देईपर्यंत ज्याला बसवते, त्याला सिंह खऱ्या अर्थाने दिसतो. गेली कित्येक वर्षे आपण घरातील ज्येष्ठांना "तुमच्याने आता होणार नाही" असे सांगत आलो आहोत. इथे त्यांच्याने होणारी गोष्टच नेमकी मोलाची ठरते, हे आमच्या घरातील तरुणांनीही पाहिले.

संकोचाचा आजार

आता थोडे गंभीर. आमच्याच तळावर एक सत्तरीचे निवृत्त गृहस्थ मुलगा-सुनेसह आले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी गाडीतून उतरताना त्यांना भोवळ आली आणि ते पायरीवरच बसले. मी तपासले तेव्हा जीभ कोरडी, नाडी जलद, वरचा रक्तदाब ९०. रक्तातील साखर ठीक होती. त्यांना आडवे केले, पाय उंच ठेवले आणि जलसंजीवनी घोटघोट पाजली. दोन तासांत ते सावरले. मग हळूहळू उलगडा झाला. रक्तदाबासाठी त्यांना लघवी वाढवणारी गोळी होती आणि ती ते रोज पहाटे नियमाने घेत होते. वाटेत गाडी थांबवावी लागू नये, म्हणून तीन दिवस त्यांनी सकाळपासून पाणी जवळजवळ बंद केले होते. मुलगा म्हणाला, "बाबा एका शब्दाने बोलले नाहीत." वडील म्हणाले, "सुनेसमोर, परक्या माणसांसमोर सारखे काय सांगायचे?"

वाचकहो, सफारीतील सर्वांत मोठा धोका कोणता असे मला विचाराल, तर मी सिंहाचे नाव घेणार नाही, या संकोचाचे घेईन. पाणी कमी प्यायल्याने रक्तदाब उतरतो, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठ होतो, पायांत गुठळ्या होण्याची शक्यता वाढते आणि वृद्धांमध्ये कधी कधी मनाचा गोंधळही उडतो. याचा उपाय सोपा आहे, पण तो सोबतच्यांनी करावयाचा आहे. पहिल्याच दिवशी चालकाला सांगून ठेवावे की दर दीड तासाने सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवायची. कुणी मागणी करो वा न करो. तिकडच्या चालकांना यात काहीच नवे नसते. "टायर बघायचा आहे" असे म्हटले की ते हसून योग्य जागा शोधतात. हा तिथला सांकेतिक शब्दच आहे. ते स्वतः आधी उतरून परिसर पाहतात आणि मगच प्रवाशाला उतरू देतात. पुरःस्थ ग्रंथीचा त्रास असणाऱ्यांनी आणि लघवी न रोखता येणाऱ्यांनी शोषक अंतर्वस्त्रे वापरण्यात कमीपणा मानू नये. लघवी वाढवणारी गोळी दुपारी परतल्यावर घेता येईल का, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. मनाने बदल करू नये.

निघण्याआधीचे सहा आठवडे

पहिले काम लसीचे, आणि ते तिकिटाच्या आधी. केनिया पीतज्वराच्या टापूत येतो. तिथून भारतात परतताना या लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते; ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लस शासनमान्य केंद्रातच मिळते, प्रवासापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी लागते आणि २०१६ पासून तिचे प्रमाणपत्र आजीवन ग्राह्य धरले जाते. मात्र ही जिवंत विषाणूंची लस आहे. साठीनंतर ती प्रथमच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणाम क्वचितच होतात, पण तरुणांपेक्षा अधिक होतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असणाऱ्यांना, थायमस ग्रंथीचा विकार असणाऱ्यांना किंवा अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ती बहुधा देता येत नाही. म्हणून आधी डॉक्टरांशी बोलावे, लसीचा निर्णय व्हावा आणि मगच पैसे भरावेत.

दुसरे काम हिवतापाचे. मारासारख्या भागात फाल्सिपेरम जातीचा हिवताप होऊ शकतो आणि वृद्धांत तो झपाट्याने गंभीर होतो. प्रतिबंधासाठी अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन यांपैकी एक औषध डॉक्टर निवडतात. नैराश्य किंवा फिट्सचा इतिहास असेल, तर मेफ्लोक्विन टाळतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या काही औषधांशी डॉक्सिसायक्लिनचे जमत नाही. दुकानातून परस्पर गोळी घेणे म्हणूनच धोक्याचे. परतल्यावरही ती गोळी पहिल्या औषधाच्या बाबतीत सात दिवस आणि इतर दोन्हींच्या बाबतीत चार आठवडे चालू ठेवावी लागते. संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे, डास दूर ठेवणारे मलम आणि मच्छरदाणी हवीच. कपडे फिकट रंगाचे असावेत. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे तिकडची त्सेत्से माशी आकर्षित होते आणि तिचा चावा चांगलाच झोंबतो.

तिसरे काम औषधांच्या पिशवीचे. पिशवी कापडी असावी, कारण केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आहे. मुक्कामाच्या दीडपट औषधे, मूळ वेष्टनात, औषधाचे शास्त्रीय नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह हातातील सामानात ठेवावीत. इन्सुलिन विमानाच्या पोटातील सामानात कधीही टाकू नये. वापरातील पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला टिकते; उन्हात तापलेल्या गाडीत मात्र ते खराब होते. मधुमेहींसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. सकाळची फेरी सहाला निघते आणि न्याहरी नऊ-साडेनऊला होते. साखर उतरवणारी गोळी पहाटे घेऊन उपाशी निघाल्यास वाटेत साखर घसरते. आम्ही तळावर सांगून सासूबाईंसाठी पहाटेच चपाती आणि उकडलेले अंडे घेत असू, गोळी त्याबरोबर. आणि खिशात ग्लुकोज कायम.

चौथे काम विम्याचे. त्यात सर्व जुने आजार नमूद करावेत आणि विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे की नाही, ते तपासावे. १९५७ मध्ये मायकेल वुड, आर्चिबाल्ड मॅकिंडो आणि टॉम रीस या तीन शल्यचिकित्सकांनी पूर्व आफ्रिकेत उडत्या डॉक्टरांची सेवा सुरू केली. आज 'अ‍ॅम्रेफ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेच्या विमानांनी माळरानांवरून असंख्य रुग्ण नैरोबीला आणले आहेत. सोय आहे, तिच्यापर्यंत पोचण्याचा कागद आपल्या खिशात असला पाहिजे.

गाडीत जागा निवडताना मागच्या चाकावरची टाळावी, मधली घ्यावी. कमरेमागे उशी, कमरेला पट्टा, डोळ्यांना बाजूने बंद असणारा चष्मा आणि नाकावर ओला रुमाल ठेवावा. चढउतारासाठी आपल्या चौरंगाएवढे लाकडी स्टूल मागितल्यास मिळते. श्रवणयंत्राच्या जादा बॅटऱ्या न्याव्यात. रात्री तंबूतून एकट्याने बाहेर पडू नये. तळावरचा पहारेकरी, त्याला 'अस्कारी' म्हणतात, बोलावल्यावर सोबत येतो. रात्री उठण्याची सवय असेल, तर स्वच्छतागृह तंबूला आतूनच जोडलेले आहे ना, याची खात्री आरक्षणाच्या वेळीच करावी.

कुणी जाऊ नये, कुणी कसे जावे

गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांनी, थोड्या श्रमाने छातीत दुखणाऱ्यांनी, घरी प्राणवायू लागणाऱ्यांनी, नुकताच मणका दबलेल्यांनी ही सफर करू नये. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा विचार वेगळ्याने करावा. अनोळखी जागा, तंबू, रात्रीचे आवाज यांमुळे त्यांची घालमेल वाढते आणि कुंपण नसलेल्या तळावर भरकटणे जिवावर बेतू शकते. शंका असेल तर आधी रंगीत तालीम करावी. ताडोबा किंवा पेंचला सकाळच्या एका फेरीत उघड्या जिप्सीत तीन-चार तास बसून पाहावे. दुसऱ्या दिवशी पाठ काय म्हणते, ते ऐकावे. तिचे उत्तर खरे असते.

काळजी घेणाऱ्यांसाठीही दोन शब्द. दर दोन-तीन दिवसांनी एक दिवस मोकळा ठेवा. त्या दिवशी तळाच्या ओसरीत बसूनही माकडे, पक्षी, दूरवरचे जिराफ दिसतात. आम्ही घरातील चौघांनी पाळी लावली होती. एका फेरीला सासूबाई तळावर राहत आणि आमच्यापैकी एक जण त्यांच्यासोबत. त्यामुळे कुणालाही आपण अडकलो असे वाटले नाही. तुमची झोप, तुमच्या गोळ्या, तुमची पाठ हीदेखील या प्रवासाच्या सामानातलीच आहेत.

आणि निर्णय घेताना वय पाहण्याआधी त्या व्यक्तीला विचारा. "आम्ही चाललो आहोत, तुम्ही घरी नीट राहाल ना?" हा प्रश्न नव्हे, तो निकाल आहे. "तुम्हाला यायचे आहे का?" हा प्रश्न. उत्तर 'नाही' असेल, तर त्याचाही मान राखावा. कित्येकांना आपला बिछाना आणि आपले अंगण हीच खरी विश्रांती वाटते. उत्तर 'हो' असेल, तर वर लिहिलेले सारे करण्यासारखे आहे.

परत आल्यावर एक गोष्ट मात्र विसरू नका. पुढच्या तीन महिन्यांत ताप आला, थंडी वाजली किंवा नुसतीच विलक्षण मरगळ आली, तर तो साधा ताप समजून घरी अंगावर काढू नका. प्रतिबंधक गोळ्या नियमाने घेतल्या असल्या तरीही त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, रक्ताची तपासणी करून घ्या आणि खुर्चीत बसताच पहिले वाक्य हेच सांगा : "मी आफ्रिकेला जाऊन आलो आहे."